उसण नव्हती, मणका मोडला होता: एका ऊसतोड महिलेचं प्रकरण

या प्रकरणातलं नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशीलही.

पार्श्वभूमी

सुमनबाई, वय 41, वजन 42 किलो. बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू भागातलं गाव, दोन एकर जमीन, विहिरीला दिवाळीपर्यंतच पाणी. दसरा उलटला की नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. दोघं मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर कोपी (झोपडी) टाकायची आणि पाडव्याच्या आगेमागे गावी परतायचं. वयाच्या पंधराव्या वर्षापासून सुमनबाईंचे जवळजवळ सगळे हिवाळे उसातच गेले.

त्यांचा जन्मही फडावरच झाला होता. जन्माच्या वेळी वजन कोणी केलं नाही, पण "तळहातावर मावंल येवढी होते" असं त्यांची आई सांगायची. चौदाव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी पहिलं बाळंतपण, सव्वीस वर्षांच्या होईपर्यंत तीन मुलं आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. अठ्ठाविसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली. गोष्ट साधारण 2009 च्या सुमाराची. अंगावरून पांढरं जात होतं, पाळीला त्रास व्हायचा, ओटीपोट दुखायचं. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळीचे चार दिवस उसाच्या सरीतच काढायचे, आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल" असं सांगितलं गेलं. ऑपरेशनसाठी मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली, ती पुढच्या दोन हंगामांत फिटली. दोन महिन्यांत बाई पुन्हा मोळ्या वाहायला लागल्या.

यात अपवादात्मक असं काही नाही. 2019 मध्ये शासनाने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी करवली, तेव्हा 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्या आकड्यांवर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं आणि ते योग्यच होतं. पण या बायका चाळिशीत, पन्नाशीत पोचतात तेव्हा त्यांच्या शरीराचं काय होतं, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. हे प्रकरण त्या पुढच्या वर्षांचं आहे.

माझी आणि सुमनबाईंची पहिली भेट मणका मोडण्याच्या तीन वर्षं आधीची. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करते. त्या भेटीबद्दल शेवटी लिहिणार आहे, कारण या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक तिथे झाली आणि ती माझी होती.

काय घडलं

जानेवारीतली गोष्ट. सुमनबाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होत्या. मोळी तीस-पस्तीस किलोची असेल. पडल्या नाहीत, पाय घसरला नाही. मोळी टाकायला अंग पुढे झुकवलं आणि पाठीत काड्कन झालं. सगळ्यांनी सांगितलं, उसण भरली. टोळीतल्या एकीने पाठ चोळली, जवळच्या गावातल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा कामाला. असे अकरा दिवस त्यांनी मोडलेल्या मणक्यावर ऊस तोडला. बाराव्या दिवशी बसल्या जागेवरून उठता येईना.

मग एका शहरातल्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. पाठ आणि कंबर जोडली जाते तिथला, पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपला होता. तिथल्या डॉक्टरांना मणक्याचा टीबी वाटला. वय कमी, वजन कमी, कामगार वस्तीतली बाई, पाठदुखी: आपल्याकडे हा संशय मनात येणं चूक नाही, उलट आलाच पाहिजे. टीबीच्या गोळ्या सुरू करा असं चिठ्ठीवर लिहून दिलं. नवऱ्याने गोळ्या घेण्याआधी गावाकडे न्यायचं ठरवलं. टोळीत एक कोयता कमी झाला म्हणून मुकादम संतापला, तरी त्यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते सासूसह माझ्याकडे आले.

पहिला निर्णय: टीबी समजून चालायचं का

टीबी असताना उपचार लांबवले तर मणका आणखी ढासळतो, पाय लुळे पडू शकतात. टीबी नसताना वर्षभर औषधं दिली तर यकृतावर ताण, अशक्तपणा, आणि खरा आजार तसाच राहतो. दोन्ही बाजूंनी नुकसान होतं, म्हणून "देऊन बघू" हा मार्ग मला मान्य नव्हता.

ताप नव्हता, रात्री घाम नव्हता, वजन अलीकडे घटलं नव्हतं. पायांत ताकद आणि संवेदना व्यवस्थित. ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, 18, नॉर्मल. एमआरआयसाठी पैसे उभे करायला चार दिवस गेले, पण तो करून घेतला ते बरं झालं. मणक्याचा टीबी बहुधा शेजारच्या दोन मणक्यांना आणि मधल्या चकतीला धरतो, बाजूला पू साठतो. इथे एकच मणका चेपलेला, वरच्या-खालच्या चकत्या शाबूत, पू नाही. रक्ताचा कर्करोग मणक्यात उतरतो का, कुठली गाठ आहे का, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड ठीक आहेत का, हेही तपासलं. सगळं नॉर्मल. हिमोग्लोबिन 9.8. ड जीवनसत्त्व 14, म्हणजे कमी. दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईचं ड जीवनसत्त्व कमी कसं, असं पुष्कळांना वाटतं. उसाची पाती अंग कापतात म्हणून या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोकं-तोंड रुमालाने बांधतात. ऊन अंगाला लागतच नाही.

एमआरआय पाहून हाड ठिसूळ झाल्यामुळे मणका चेपला, इथपर्यंत आम्ही पोचलो. पण एक्केचाळिसाव्या वर्षी हाड इतकं ठिसूळ का?

सासूचा प्रश्न

मी तोवर गरिबी, अपुरा आहार, कष्ट ही नेहमीची कारणं मनात जुळवत होते. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. वय सत्तरीला टेकलेलं, कणा सरळ. त्या म्हणाल्या, "मॅडम, म्या बी तीस वर्सं ऊस तोडला. भाकर बी तीच खाल्ली. माझी पाठ बघा, आन् हिची का मोडली?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. काम तेच, घर तेच, चूल तीच. एका माणसाशी दुसऱ्याची तुलना करून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण शोध कुठे घ्यायचा, ते त्या तुलनेने दाखवलं. सासूबाईंना विचारलं, पाळी कधी गेली? "धाकट्या पोराच्या लग्नाच्या साली." हिशेब केला तर अठ्ठेचाळीसच्या आसपास. सुनेची पाळी अठ्ठाविसाव्या वर्षी ऑपरेशनने गेली. दोघींमध्ये वीस वर्षांचं अंतर.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढलं, हे सुमनबाईंना माहीत नव्हतं. "पिशवी" एवढंच. पिशवीसोबत बीजकोशही (अंडाशय) काढले होते का, हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात होतं. कागद आहे का विचारलं. गावी पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत तेरा वर्षं जपलेला डिस्चार्ज कागद होता. नवरा दुसऱ्या दिवशी तो घेऊन आला. त्यावर इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ: गर्भाशय आणि दोन्ही बाजूंचे बीजकोश काढले. पिशवीच्या तपासणीच्या अहवालात गर्भाशयाच्या तोंडाला जुनी सूज, एवढंच. कर्करोगाचं नाव नाही.

मी तो मराठीत वाचून दाखवला. सुमनबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ते बी काढलं व्हय. मला कुनी सांगितलंच न्हाई."

अडचण नेमकी कोणती

हाड आयुष्यभर मोडत आणि बांधत असतं. जन्मापासून विशीपर्यंत बांधणी जास्त, तिशीपर्यंत थोडीफार भर, मग हळूहळू घट. पाळी सुरू होण्याच्या आगेमागच्या दोनेक वर्षांतच मोठेपणीच्या एकूण हाडातल्या खनिजाचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. सासूबाईंना मी कणगीचं उदाहरण दिलं. सुगीत कणगी भरली तर उन्हाळा निघतो. कणगी अर्धीच भरली आणि तळाला भोक पडलं, तर?

सुमनबाईंची कणगी भरण्याआधीच संसार सुरू झाला. कमी वजनाचा जन्म, दूध-दही जेमतेम, भरणीच्या ऐन वर्षांत बाळंतपण. बाळंतपण आणि अंगावर पाजणं यांत आईच्या हाडातून चुना (कॅल्शियम) जातो. तो बहुधा पुढे भरूनही निघतो, त्यामुळे सगळा दोष त्यावर टाकता येत नाही. पण भरून निघायला आहार आणि वेळ लागतो, आणि दोन्ही नव्हते.

मग अठ्ठाविसाव्या वर्षी बीजकोश गेले. त्यांतून येणारं इस्ट्रोजेन हाडाची झीज आवरून धरतं. भारतात पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते. ती गेल्यावर पहिल्या काही वर्षांत मणक्याचं हाड वर्षाला दोन-तीन टक्क्यांनी उतरतं. बीजकोश एकदम काढले तर ही घसरण एका दिवसात सुरू होते. म्हणजे पन्नाशीनंतरची झीज सुमनबाईंच्या वाट्याला तिशीआधीच आली आणि तेरा वर्षं चालू राहिली, कोणी दखल न घेता. नुसती पिशवी काढून बीजकोश ठेवले तरी त्यांचं काम थांबायचं वय सरासरी वर्ष-दोन वर्षांनी अलीकडे येतं. म्हणून "पिशवी काढली आहे" हे ऐकल्यावर पुढचे दोन प्रश्न विचारायलाच हवेत: कितव्या वर्षी, आणि बीजकोश आहेत का.

हाडांची घनता मोजण्याची सोय तालुक्याला नाही, छत्रपती संभाजीनगरला जावं लागलं. टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती हे सांगणारा आकडा. मणक्याचा उणे 3.4, खुब्याचा उणे 2.3. उणे 2.5 आणि त्याखाली गेलं की अस्थिविरलता (ऑस्टिओपोरोसिस) म्हणतात.

आणि त्रास फक्त हाडाचा नव्हता. त्यांच्याशी एकांतात बोलल्यावर कळलं की ऑपरेशननंतर महिन्याभरातच अंगाची आग, रात्री दरदरून घाम, झोप उडणं सुरू झालं होतं. शरीरसंबंध दुखरे झाले. नवऱ्याला वाटलं हिचं मन उडालं, हिला वाटलं आपल्यात काही राहिलं नाही. दहा-बारा वर्षं दोघांनी हे एकमेकांना न सांगता सोसलं. रक्तदाब वरच्या बाजूला सरकत होता. लवकर पाळी जाण्याने हृदयविकाराचा धोकाही वाढतो, तेही लक्षात ठेवायला हवं होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सर्वांना ओळखीचा: पट्टा, वेदनाशामक, कॅल्शियम, सक्तीचा आराम. यात मोडलेला मणका जुळतो, पुढचा मणका मात्र वाट पाहत राहतो. एक मणका चेपला की वर्षभरात दुसरा चेपण्याचा धोका कितीतरी वाढतो.

मणक्यात सिमेंट भरण्याचा पर्याय एका अस्थिरोगतज्ज्ञाने सुचवला. वेदना आधीच उतरणीला लागल्या होत्या आणि खर्च दीड हंगामाच्या कमाईएवढा होता. तो आम्ही सोडला.

हाड नव्याने बांधणारं टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन, इतक्या कमी घनतेला खरं तर फार उपयोगी. पण ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, दीड-दोन वर्षं रोज टोचावं लागतं, आणि महाग आहे. ज्या घरात वर्षातले सहा महिने कोपीत जातात तिथे हे लिहून देणं म्हणजे चिठ्ठीपुरता उपचार.

उरले दोन: हाडाची झीज रोखणारं, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक आम्ल, आणि रोजची इस्ट्रोजेनची गोळी. यावर आमच्यातच मतभेद झाले. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले, हार्मोन कशाला, स्तनाचा कर्करोग होईल. ही भीती 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभर पसरली. पण त्या अभ्यासातल्या स्त्रिया सरासरी 63 वर्षांच्या होत्या, आणि स्तनाच्या कर्करोगाची वाढ दिसली ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरकं (हार्मोन) एकत्र घेणाऱ्यांत. गर्भाशय काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात ती दिसली नाही. आमच्यासमोर होती 41 वर्षांची बाई, जिच्या शरीरात हे संप्रेरक अजून काही वर्षं असायलाच हवं होतं. ते परत देणं म्हणजे जास्तीचं काही देणं नव्हे. चाळिशीआधी पाळी गेलेल्या स्त्रीला, हरकतीचं कारण नसेल तर, पाळी नैसर्गिकपणे जायच्या वयापर्यंत संप्रेरक द्यावं, असंच आजचं मार्गदर्शन आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ सहकारी माझ्या बाजूने होत्या.

पण नुसत्या गोळीवर विसंबणंही मला धोक्याचं वाटलं. फडावर गोळ्या संपल्या तर? कोपीला आग लागते, पाऊस येतो, सामान हरवतं. वर्षातून एकदा, दसऱ्याआधी, गाडी यायच्या आत देता येईल असं इंजेक्शन या घराच्या वर्षाशी जुळणारं होतं. शेवटी दोन्ही द्यायचं ठरलं.

काय केलं

आठ आठवडे पट्टा, पण अंथरुणावर पडून राहायचं नाही. घरच्यांना हे पटेना. फळीवर सपाट झोपवून ठेवायचं हा आपल्याकडचा पक्का समज आहे, आणि पडून राहिल्याने हाड आणि स्नायू दोन्ही आणखी उतरतात हे समजवायला तीन भेटी लागल्या. दुसऱ्या आठवड्यापासून अंगणात चालणं, मग पाठ मागे ताणण्याचे सोपे व्यायाम. वाकून झाडणं, वाकून कपडे धुणं बंद. सासूबाईंनी झाडू काढून घेतला तो आजपर्यंत परत दिलेला नाही.

ड जीवनसत्त्वाचा आठवड्याला एक असा आठ आठवडे डोस. लोहाच्या गोळ्या. आहारात बाजरी-ज्वारीची भाकरी होतीच, पण त्यांत चुना थोडा. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. नाचणी या भागात फार कोणी खात नाही. पीठ आणून भाकरीत एकास तीन मिसळायचं ठरलं, तीळकूट रोज, आणि घरच्या शेळीचं दूध आधी विकलं जायचं त्यातला एक पेला सुमनबाईंना. उरलेला चुना गोळीतून.

झोलेड्रॉनिक लगेच देता आलं नाही. सुमनबाई पंधरा वर्षं मिश्री लावत होत्या, दोन दाढा पूर्ण किडलेल्या. हे औषध दिल्यावर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. म्हणून आधी दाढा काढल्या, जखम भरू दिली, मूत्रपिंडाचं काम तपासलं, आणि मेमध्ये इंजेक्शन दिलं. दोन दिवस ताप आणि अंगदुखी राहिली. त्याची कल्पना आधी दिल्यामुळे घरचे घाबरले नाहीत. मिश्री सोडायला मात्र वर्ष लागलं.

इस्ट्रोजेनची गोळी मार्चमध्येच सुरू केली होती. त्याआधी स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी, रक्तदाब, रक्ताच्या गुठळीचा पूर्वेतिहास, यकृत. गर्भाशय नसल्यामुळे दुसऱ्या संप्रेरकाची गरज नव्हती. त्वचेला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल जास्त सुरक्षित ठरतं, पण महिन्याचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून गोळी. पहिल्या भेटीला नवऱ्यालाही आत बोलावलं आणि बाईंच्या परवानगीने सगळं समजावून सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. जाताना फक्त एवढंच विचारलं, "हे औषध बंद तर न्हाई ना पडणार?"

उचल फिटलेली नव्हती. मुकादमाने पुढच्या हंगामाचं काय म्हणून तगादा लावला. मी प्रमाणपत्र दिलं, फोनवर बोलले. त्याचा उपयोग झाला असं म्हणवत नाही. शेवटी नवरा पुतण्याला जोडीला घेऊन गेला, आणि सुमनबाई त्या वर्षी गावी राहिल्या.

परिणाम

दोन महिन्यांत अंगाची आग आणि रात्रीचा घाम थांबला. तेरा वर्षांत पहिल्यांदा सलग झोपले, असं त्या म्हणाल्या. पाठदुखी सहा महिन्यांत कामापुरती कमी झाली, ओझं उचलणं मात्र कायमचं बंद. हिमोग्लोबिन 11.6 वर आलं. दोन वर्षांनी पुन्हा मोजलेला मणक्याचा टी-स्कोअर उणे 2.9. नवा मणका मोडलेला नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या हंगामात पुतण्या आला नाही, उचल वाढली होती, आणि सुमनबाई फडावर गेल्या. मोळी वाहणार नाही, टोळीचा स्वयंपाक करीन, या बोलीवर. पहिला महिना बोली पाळली गेली. नंतर त्या वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधू लागल्या, मग ऊस ओढू लागल्या. गोळ्या डिसेंबरात संपल्या आणि चार महिने मिळाल्या नाहीत. इंजेक्शन दसऱ्याआधी दिलेलं होतं म्हणून त्या काळातही काही आधार राहिला.

घरातल्या दोन मुलींचं सांगितल्याशिवाय हा अहवाल अपुरा राहील. धाकटी तेव्हा पंधरा वर्षांची, हिमोग्लोबिन 9.2, पाळी येऊन दोन वर्षं झालेली. आईवडील फडावर, मुलगी एकटी घरी, म्हणून लग्न लावून टाकायचं चाललं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43 टक्क्यांहून जास्त स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. यामागे मुलगी कुठे ठेवायची हा साधा प्रश्न फार मोठा आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाची संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली आणि लग्न पुढे गेलं. ती आता बारावीला आहे. लोहाच्या गोळ्या, जंताची गोळी आणि रोजचं दूध यांनी तिचं हिमोग्लोबिन बाराच्या वर आहे.

थोरलीचं सोळाव्या वर्षीच लग्न झालं होतं. ती बावीस वर्षांची, दोन मुलांची आई. गेल्या वर्षी सुमनबाई तिला घेऊन आल्या. अंगावरून पांढरं जातंय, एका ठिकाणी पिशवी काढायला सांगितलंय. आता जिल्ह्यात खाजगी दवाखान्याला अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली. तरी सल्ला दिला जातोच. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आतून तपासलं. साधा जंतुसंसर्ग होता. तिला आणि नवऱ्याला दोघांनाही औषधं दिली, गर्भाशयाच्या तोंडाची कर्करोगासाठीची तपासणी केली, ती स्वच्छ निघाली. दोन आठवड्यांत त्रास गेला. खर्च हजार रुपयांच्या आत. सुमनबाईंवर 2009 मध्ये हाच उपचार झाला असता तर काय, हे त्या खोलीत कोणी बोललं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधीचा निर्णयबिंदू 2009 मधला. आतून तपासणी नाही, संसर्गाचा उपचार नाही, दुसरं मत नाही, आणि निरोगी बीजकोश काढले तेही न सांगता. तो निर्णय माझ्या हातातला नव्हता. पण त्या दिवशी पिशवी काढणं टळलं नसतं असं धरलं, तरी बीजकोश ठेवले असते किंवा नंतर इस्ट्रोजेन सुरू केलं असतं, तरी हा मणका बहुधा मोडला नसता.

दुसरा बिंदू माझा. मोडण्याच्या तीन वर्षं आधी, अडतिसाव्या वर्षी, सुमनबाई माझ्याकडे आल्या होत्या. हातापायाची आग, छातीत धडधड, झोप नाही, अंगदुखी. तो केसपेपर मी नंतर शोधून काढला. माझ्याच अक्षरात लिहिलंय: "पूर्वी पिशवीचं ऑपरेशन." त्याच्याखाली बी-12, कॅल्शियम आणि रात्रीची एक शांत झोपेची गोळी. ऑपरेशन कितव्या वर्षी, बीजकोश आहेत का, हे दोन प्रश्न मी विचारले नाहीत. उंची मोजली नाही, त्यामुळे पुढे किती उंची कमी झाली तेही कळू शकलं नाही. बाहेर चाळीस रुग्ण होते हे खरं आहे, आणि हे दोन प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं हेही खरं आहे. तेव्हाच उपचार सुरू झाले असते तर तीन वर्षांची झीज वाचली असती.

फडावरच्या पहिल्या डॉक्टरकडे एक्स-रेची सोय नव्हती. तरी ओझं उचलताना अचानक, जागच्या जागी सुरू झालेली पाठदुखी, मणक्यावर हलकं ठोकलं तरी कळ, आणि लवकर गेलेली पाळी, एवढं जुळलं तर उसण म्हणून सोडू नये. बाजूने काढलेला एक साधा एक्स-रे पुरतो.

उपचारातही माझ्याकडून एक उणीव राहिली. दुसऱ्या हंगामाला निघताना मी तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. हंगाम सहा महिन्यांचा असतो हे मला माहीत होतं. आता फडावर जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पाडव्यापर्यंतचा साठा आणि औषधाचं नाव मराठीत लिहिलेला कागद देते, म्हणजे कुठल्याही गावच्या दुकानात दाखवता येतो.

आमच्या केसपेपरवर आता तीन ओळी छापून घेतल्या आहेत: पाळी कोणत्या वर्षी गेली, आपोआप की ऑपरेशनने, बीजकोश आहेत का. तिशीच्या वरच्या प्रत्येक स्त्रीच्या कागदावर त्या भराव्या लागतात, ती सर्दीसाठी आली असली तरी. भरायला सुरुवात केली तेव्हा पहिल्याच महिन्यात पंचेचाळीसच्या आतल्या अकरा जणी सापडल्या, ज्यांना आपले बीजकोश आहेत की नाहीत हे सांगता येत नव्हतं. सात जणींच्या पेटीत कागद निघाले. चौघींचे कागद हरवले होते, त्यांची सोनोग्राफी आणि रक्तातल्या संप्रेरकाची तपासणी करून घेतली.

सुमनबाई आता 44 वर्षांच्या आहेत. झोलेड्रॉनिकचे तीन डोस पूर्ण झाले की घनता मोजून ते थांबवायचं का ते ठरवू. इस्ट्रोजेन पन्नाशीच्या आसपासपर्यंत चालू राहील. ते बंद केल्यावर हाड पुन्हा वेगाने उतरू लागतं, म्हणून बंद करण्याच्या महिन्यातच दुसरं औषध सुरू करावं लागेल. हे त्यांच्या कागदावर लाल शाईने लिहून ठेवलं आहे, कारण तेव्हा या खुर्चीत मीच असेन असं नाही. त्या कागदाची एक प्रत पत्र्याच्या पेटीत, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.